जुन्या आर्केड कॅबिनेटमध्ये बदललेली पिक्चर ट्यूब: दोष शोधण्याचा क्रम

व्हिडिओ गेम पार्लरमधली जुनी कॅबिनेटे विकत घेऊन घरी चालू करणाऱ्या हौशी लोकांची संख्या नाशिकमध्येही हळूहळू वाढते आहे. मूळ ट्यूब फुटलेली किंवा पार थकलेली असते, म्हणून एखाद्या जुन्या टीव्हीची ट्यूब काढून बसवली जाते आणि त्यानंतर पडद्यावर भलतेच काही दिसू लागते. अशा वेळी बसवलेली ट्यूबच खराब होती असे ठरवून लोक दुसरी ट्यूब शोधू लागतात. माझा अनुभव उलट आहे. टीव्हीवर व्यवस्थित चालणारी ट्यूब कॅबिनेटमध्ये चालत नसेल, तर दोष बहुधा ट्यूब आणि चॅसिस (ट्यूब चालवणारा सर्किट बोर्ड) यांच्यामधल्या जोडणीत असतो: योक (ट्यूबच्या मागच्या नळीवरची, चित्र पडद्यावर पसरवणारी कॉइल), सॉकेट किंवा ग्राउंड. म्हणून खालच्या क्रमात ट्यूबवर संशय सर्वांत शेवटी घेतला आहे.

१. आधी जीव सांभाळा

रंगीत ट्यूबच्या ॲनोडवर (काचेवरच्या रबरी टोपीखालचे हाय व्होल्टेजचे टोक) साधारण २० ते २५ हजार व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यानंतरही ट्यूब हा भार धरून ठेवते. शिवाय चॅसिसवरच्या मोठ्या फिल्टर कॅपॅसिटरवर २३० व्होल्टच्या वीजपुरवठ्यातून सुमारे ३२५ व्होल्ट डीसी साठते, आणि माझ्या मते हा कॅपॅसिटर जास्त धोकादायक आहे, कारण ट्यूबची भीती सर्वांना असते आणि याची कोणालाच नसते.

डिस्चार्ज करण्यासाठी लांब दांड्याचा, चांगल्या इन्सुलेशनचा चपटा स्क्रू ड्रायव्हर आणि दोन्ही टोकांना क्रोकोडाइल क्लिप असलेली वायर घ्या. प्लग पिनसकट बाहेर काढा, केवळ स्विच बंद करून थांबू नका. क्लिपचे एक टोक आधी ट्यूबच्या पाठीवरून गेलेल्या विणलेल्या तांब्याच्या पट्टीला लावा, दुसरे ड्रायव्हरच्या लोखंडी दांडीला. मग एक हात खिशात ठेवून, ड्रायव्हरचे टोक ॲनोडच्या रबरी टोपीखाली आतल्या धातूला लागेपर्यंत सरकवा. क्लिप चॅसिसला लावू नका, कारण तो झटका चॅसिसमधल्या आयसींतून जाऊ शकतो. काही ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मरमध्ये (ॲनोडला हाय व्होल्टेज देणारा ट्रान्सफॉर्मर) भार निचरा होण्याची सोय आतच असते, त्यामुळे ‘चट्’ असा आवाज आला नाही तरी ही कृती टाळू नका. काचेत थोडा भार पुन्हा वर येतो, म्हणून काही मिनिटांनी तीच कृती परत करा. फिल्टर कॅपॅसिटर २३० व्होल्टच्या साध्या बल्बच्या वायरी टेकवून रिकामा करा आणि मीटरने शून्य आल्याची खात्री करा.

ट्यूबमध्ये निर्वात पोकळी असते. डोळ्यांवर गॉगल आणि अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट असू द्या, ट्यूब मानेला (मागच्या बारीक नळीला) धरून कधीही उचलू नका, आणि खाली ठेवताना पडदा जाड गोधडीवर पालथा ठेवा. ज्यांनी उघडा टीव्ही कधीच हाताळलेला नाही, त्यांनी पहिल्या वेळी एखाद्या जुन्या टीव्ही मेकॅनिकला शेजारी बसवावे. पंचवटी, सिडको, नाशिकरोड या भागांत ट्यूबच्या काळात काम केलेले कारागीर अजून भेटतात. दुकानावर आज एलईडी टीव्हीची पाटी असली तरी विचारून पाहावे.

२. लागणारी हत्यारे आणि कागद

- डिजिटल मल्टिमीटर, डीसी १००० व्होल्टपर्यंत मोजणारा
- सिरीज बोर्ड (वीज बल्बमधून पुढे देणारा) आणि १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब (एलईडी बल्ब या कामाला निरुपयोगी आहे)
- आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (चॅसिसला घरातल्या वीजपुरवठ्यापासून, म्हणजे मेन्सपासून, वेगळे करणारा)
- डिगॉस कॉइल (पडद्यातले चुंबकत्व काढणारी), ट्रिमर फिरवण्याचा प्लॅस्टिकचा ड्रायव्हर, छोटा आरसा
- आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना टूथब्रश
- नव्या आणि जुन्या ट्यूबची डेटाशीट, चॅसिसचा सर्किट डायग्राम
- काही सुटे करण्याआधी काढलेले प्रत्येक कनेक्टरचे फोटो

मीटर, सोल्डर, फ्यूज आणि किरकोळ भाग एम. जी. रोडवर मिळून जातात. ट्यूबचे सॉकेट, विशिष्ट ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मर किंवा लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर (योकची आडवी कॉइल आणि ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मर चालवणारा) यांसाठी मात्र मुंबईचा लॅमिंग्टन रोड गाठावा लागण्याची शक्यता धरून चाला. सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने जाऊन त्याच दिवशी परत येता येते; सोबत जुना भाग न्या, कारण नुसत्या नंबरवरून दिलेला भाग पायांच्या मांडणीत वेगळा निघतो.

अंबड-सातपूर लिंक रोडवरचा मोठा भंगार बाजार महापालिकेने २०१७ मध्ये हटवला, तेव्हापासून जुने टीव्ही एका ठिकाणी रचलेले मिळणे कठीण झाले आहे. मिळेल तिथून घ्या, पण सुटी ट्यूब घेऊ नका. अख्खा, चालू टीव्ही घ्या आणि तो तुमच्यासमोर थंड अवस्थेतून सुरू करायला लावा. चित्र उजळायला फार वेळ लागत असेल, किंवा पांढरा भाग चंदेरी आणि पसरट दिसत असेल, तर त्या ट्यूबचे उत्सर्जन (इलेक्ट्रॉन सोडण्याची ताकद) संपत आलेले आहे.

३. वीज देण्याआधीची तपासणी

बहुतेक दोष याच टप्प्यावर सापडतात, म्हणून इथे घाई करू नका.

*ट्यूबचा नंबर.* युरोपीय पद्धतीच्या नंबरात ‘ए’ नंतरचा आकडा दृश्य कर्ण सेंटिमीटरमध्ये सांगतो: ए३४ म्हणजे १४ इंची, ए४८ म्हणजे २० इंची, ए५१ म्हणजे २१ इंची. आकार जुळला म्हणजे ट्यूब जुळली असे नाही. मानेचा व्यास (२२.५ किंवा २९.१ मिलिमीटर), डिफ्लेक्शनचा (किरण वळवण्याचा) कोन आणि सॉकेटची पिन-रचना या तिन्ही गोष्टी जुळल्या पाहिजेत. अगदी सपाट पडद्याची ट्यूब शक्यतो टाळा. तिच्यासाठी चित्राच्या उभ्या कडा सरळ करणारे सर्किट लागते आणि ते जुन्या आर्केड चॅसिसमध्ये सहसा नसते.

*मानेतला डाग.* मानेच्या आसपास काचेच्या आत एक चकचकीत, काळपट-चंदेरी डाग दिसतो. तो दुधासारखा पांढरा झालेला असेल तर ट्यूबमध्ये हवा शिरली आहे आणि पुढचे काहीही करून उपयोग नाही. वाहतुकीत मानेला धक्का लागून पडलेली केसासारखी चीर डोळ्यांना दिसत नाही, हा डाग मात्र ती सांगून टाकतो.

*पिन.* डेटाशीट समोर ठेवून हीटरच्या दोन पिना, तीन कॅथोड (प्रत्येक रंगाचा एक, इलेक्ट्रॉन सोडणारा), जी१ ही ग्रिड, स्क्रीन म्हणजे जी२ आणि फोकस अशी प्रत्येक पिन सॉकेटशी ताडून पाहा. सॉकेट बसले याचा अर्थ जोडणी बरोबर आहे असा होत नाही. सॉकेट काढलेले असतानाच हीटर आणि प्रत्येक कॅथोड यांच्यात मीटर लावा. तिथे काहीही जोडणी दिसता कामा नये. दिसली, तर तो रंग पडद्यावर कायम पूर्ण पेटलेला राहील. हीटरच्या दोन पिनांमध्ये मात्र अगदी कमी ओहम दाखवले पाहिजेत.

*योक.* ट्यूबवर कारखान्यात बसवलेला योक शक्यतो हलवू नये, कारण तीन रंगांची जुळणी त्याच्या जागेवर अवलंबून असते. पण तो योक तुमच्या चॅसिसला चालला पाहिजे. जुन्या आणि नव्या योकच्या दोन्ही कॉइलींचे ओहम मोजून लिहून ठेवा. आडवी कॉइल बहुधा काही थोड्या ओहमची असते, उभी तिच्यापेक्षा बरीच जास्त. उभ्या कॉइलचा फरक रेझिस्टर घालून पुष्कळदा निभावता येतो. आडव्या कॉइलच्या बाबतीत ओहमपेक्षा इंडक्टन्स महत्त्वाचा आहे आणि तो एलसीआर मीटरनेच कळतो. इंडक्टन्स बराच कमी असलेला योक जोडला तर लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर तापतो आणि उडतो. फरक मोठा असेल तर जुन्या ट्यूबचा योक नव्या ट्यूबवर चढवावा लागतो आणि कन्व्हर्जन्सचे (तीन रंग एकमेकांवर आणण्याचे) सगळे काम पहिल्यापासून करावे लागते. योक न जोडता चॅसिसला वीज मात्र कधीही देऊ नका.

*ग्राउंडची पट्टी.* ही सर्वांत जास्त विसरली जाणारी गोष्ट आहे. ट्यूबच्या पाठीवर बाहेरून काळा, ग्राफाइटचा लेप असतो आणि त्यावर स्प्रिंगने ताणलेली विणलेली तांब्याची पट्टी घट्ट टेकलेली असते. तिची एक वायर नेक कार्डला (मानेच्या टोकावरच्या छोट्या बोर्डाला) जाते. टीव्हीतून ट्यूब काढताना ही पट्टी टीव्हीच्या डब्यातच राहून जाते, आणि कॅबिनेटमधली जुनी पट्टी जुन्या ट्यूबबरोबर निघून गेलेली असते. पट्टी नसेल तर ॲनोडच्या भाराला परतीचा रस्ता राहत नाही. ठिणग्या उडतात आणि नेक कार्डवरचे भाग मरतात. काळ्या लेपावर बोट फिरवून पाहा, त्याची पूड निघत असेल तर पट्टी लेपाच्या शाबूत भागावरून घ्या.

*आयसोलेशन.* अनेक आर्केड मॉनिटरची चॅसिस मेन्सपासून वेगळी केलेली नसते आणि ती आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरवरच चालवायची असते. परदेशी कॅबिनेट ११० ते १२० व्होल्टचे असेल तर स्टेप-डाउन लागतो. इथे दुकानात सर्रास ऑटो ट्रान्सफॉर्मर दिला जातो, कारण तो हलका आणि स्वस्त असतो. तो व्होल्टेज कमी करतो, पण मेन्सपासून वेगळे करत नाही. इनपुट आणि आउटपुटच्या वायरींमध्ये मीटर लावा: जोडणी दाखवली तर तो ऑटो ट्रान्सफॉर्मर आहे, परत करा.

४. सिरीज बल्बवर पहिली सुरुवात

पहिल्यांदा थेट मेन्स देऊ नका. सिरीज बोर्डावरचा बल्ब क्षणभर जोरात पेटून मंद झाला तर ठीक आहे. तसाच झगझगत राहिला तर चॅसिसमध्ये शॉर्ट आहे, ताबडतोब बंद करा. डिगॉस कॉइल सुरुवातीचे काही सेकंद भरपूर करंट ओढते आणि त्यामुळे बल्ब उगाच पेटलेला राहतो, म्हणून या चाचणीपुरता तिचा कनेक्टर काढून ठेवा. सिरीज बल्बवर काही चॅसिस पूर्ण सुरू न होता नुसत्या टिकटिक करतात, तो दोष समजू नये.

बल्बने हिरवा कंदील दिला की थेट वीज द्या आणि मुख्य डीसी व्होल्टेज मोजा. चॅसिसवर किंवा डायग्रामवर ते छापलेले असते, साधारण ११० ते १३० व्होल्टच्या आसपास. नंतर मानेत पाहा: हीटरचा नारिंगी उजेड दिसला पाहिजे. हीटरला ६.३ व्होल्ट हवे असतात, पण ते ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मरमधून पल्सच्या रूपात येत असतील तर साधा मीटर चुकीचा आकडा दाखवतो. त्या आकड्यावरून रेझिस्टर बदलण्याच्या फंदात पडू नका. उजेडाचा रंग पाहा, किंवा ट्रू आरएमएस मीटर वापरा.

५. पडद्यावरचे लक्षण वाचणे

*अंधार, पण हीटर पेटलेला.* हाताचे केस पडद्यासमोर नेल्यावर ओढले गेले तर हाय व्होल्टेज येत आहे. ई.एच.टी. ट्रान्सफॉर्मरवरचा स्क्रीनचा (जी२ चा) कंट्रोल अगदी थोडा वाढवून पाहा. नवी ट्यूब जुन्या सेटिंगवर अंधारी दिसणे स्वाभाविक आहे. हाय व्होल्टेजच नसेल तर लाइन आउटपुट ट्रान्झिस्टर आणि योकचा कनेक्टर तपासा.

*संपूर्ण पडदा उजळ, तिरप्या बारीक रेषांसह.* स्क्रीन जास्त चढवलेला आहे, किंवा नेक कार्डला मिळणारा १८० ते २०० व्होल्टचा पुरवठा तुटला आहे. दुसऱ्या कारणात तिन्ही कॅथोडचे व्होल्टेज एकदम खाली येतात आणि ट्यूब पूर्ण ताकदीने पेटते. तशीच चालू ठेवू नका.

*एकच रंग कायम पेटलेला, किंवा एक रंग गायब.* तीन कॅथोडचे व्होल्टेज मोजून एकमेकांशी ताडा. ज्याचे खूप कमी तो रंग पेटलेला, ज्याचे खूप जास्त तो मंद. वीज बंद करून दोन रंगांच्या सिग्नलच्या वायरी नेक कार्डच्या इनपुटवर अदलाबदल करा: दोष दुसऱ्या रंगावर गेला तर तो सिग्नलमध्ये आहे, तिथेच राहिला तर नेक कार्डमध्ये किंवा ट्यूबमध्ये. जामा हार्नेसवर (गेम बोर्ड कॅबिनेटला जोडणाऱ्या प्रमाणित वायरींवर) लाल १२ नंबरच्या पिनवर, निळा १३ वर, हिरवा ‘एन’ वर, सिंक (चित्र जागेवर धरणारा सिग्नल) ‘पी’ वर आणि व्हिडिओ ग्राउंड १४ वर असतो. हे प्रमाण १९८५ चे आहे, त्यामुळे त्याआधीच्या बोर्डांना ते लागू नाही.

*मधोमध एक आडवी किंवा उभी रेघ.* आडवी रेघ म्हणजे उभे डिफ्लेक्शन बंद: उभ्या कॉइलचा कनेक्टर, नंतर व्हर्टिकल आयसी, या क्रमाने पाहा. उभी रेघ म्हणजे आडव्या कॉइलची वाट तुटलेली. दोन्ही वेळी आधी वीज बंद करा, कारण त्या रेघेने पडद्यावरचा फॉस्फर कायमचा जळतो.

*चित्र आरशातल्यासारखे किंवा उलटे.* योकच्या वायरींची दिशा उलटी लागली आहे. आरशासारखे असेल तर आडव्या कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल करा, खाली डोके वर पाय असेल तर उभ्या कॉइलच्या. योक मानेवर फिरवून हे दुरुस्त करायला जाणाऱ्याचे आरशाचे काम तर होत नाहीच, शिवाय असलेली रंगजुळणीही जाते.

*चित्र सरकते, किंवा उंचीला कमी भरते.* आर्केड बोर्ड साधारण १५.७ किलोहर्ट्झ आणि ६० हर्ट्झच्या आसपास सिग्नल देतात. आपले पाल पद्धतीचे टीव्ही १५.६२५ किलोहर्ट्झ आणि ५० हर्ट्झचे. आर्केडची चॅसिस मोडीत काढून टीव्हीचीच चॅसिस वापरली असेल तर व्हर्टिकल होल्ड आणि हाइट नव्याने लावावी लागते. त्याच बरोबर जामाचा आरजीबी सिग्नल टीव्हीच्या ०.७ व्होल्टपेक्षा कितीतरी मोठा असतो. मध्ये रेझिस्टर न घालता जोडला तर रंग भडक होऊन वाहतात आणि दोष ट्यूबवर ढकलला जातो.

*सूं सूं असा आवाज, ओझोनचा वास, निळसर ठिणगी.* हा जुलै ते सप्टेंबरमधला नाशिकचा ठरलेला आजार आहे. ॲनोडच्या टोपीभोवती वर्षानुवर्षांची धूळ असते आणि ओल लागली की तीच वाहक होते. डिस्चार्ज करून टोपी काढा, काच आणि टोपीची आतली बाजू आयसोप्रोपिलने पुसा, पूर्ण वाळू द्या. टोपीचे रबर कडक होऊन चिरलेले असेल तर नुसते पुसून भागणार नाही.

६. रंगांचे डाग आणि जुळणी

हे काम चित्र स्थिर आणि भूमिती योग्य झाल्यावरच हाती घ्या. ट्यूब ज्या दिशेने कॅबिनेटमध्ये उभी राहणार, त्याच दिशेने ठेवून करा, कारण पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्रही रंगांवर परिणाम करते. अर्धा तास चालू ठेवून आधी डिगॉस करा: कॉइल पडद्यासमोर गोल फिरवत सावकाश दोनेक मीटर मागे या आणि मगच तिचे बटण सोडा. जवळ असताना सोडले तर डाग वाढतात. तरीही एका कोपऱ्यात डाग राहिला तर कॅबिनेटचा स्पीकर पाहा. मूळ स्पीकर गेला म्हणून बसवलेल्या साध्या स्पीकरला चुंबकीय कवच नसते.

यानंतर प्युरिटी (प्रत्येक रंग डागाविना शुद्ध दिसणे), आणि मग कन्व्हर्जन्स, हाच क्रम ठेवा. मानेवरच्या चुंबकीय कड्यांच्या तीन जोड्या असतात: दोन ध्रुवांची प्युरिटीसाठी, चार ध्रुवांची लाल आणि निळा एकमेकांवर आणण्यासाठी, सहा ध्रुवांची ते दोन्ही मिळून हिरव्यावर आणण्यासाठी. हात लावण्यापूर्वी कड्यांच्या जागा मार्करने खुणावून ठेवा. ट्यूब तिच्याच योकसह आली असेल आणि पडद्याच्या मध्यभागी रंग जुळलेले असतील, तर कड्यांना हातच लावू नका. कोपऱ्यातली थोडी फारकत गेम खेळताना जाणवत नाही आणि ती काढण्याच्या नादात मध्यभाग बिघडतो. कड्या फिरवाव्याच लागल्या तर बोर्डाचा टेस्ट मोड लावून चौकटींच्या जाळीवर काम करा, कॅबिनेटसमोर आरसा ठेवा आणि मागे उभे असताना एकच हात वापरा. योकखालच्या रबरी पाचरी सुटल्या असतील तर जुळणी झाल्यावर त्या पुन्हा चिकटवा, नाहीतर कॅबिनेट हलवले की योक घसरतो.

७. बंद करण्यापूर्वी

मागची फळी उघडी ठेवूनच दोन-तीन तास चालवा. लाइन आउटपुट ट्रान्झिस्टरचा हीटसिंक किती तापतो ते वीज बंद करून, डिस्चार्ज केल्यावरच हाताने पाहा. बोट टेकवणेही अशक्य असेल तर योकच्या इंडक्टन्सकडे परत वळावे लागेल. चॅसिसचा नंबर, योकचे ओहम आणि मुख्य व्होल्टेज एका कागदावर लिहून तो फळीच्या आतल्या बाजूला चिकटवा.

काढलेली जुनी ट्यूब दारावर येणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका. योकच्या तांब्यासाठी ती फोडली जाते, आणि तिच्या काचेत शिसे असते. ती शाबूत असेल तर आधी नेक कार्डचे सॉकेट, तांब्याची पट्टी आणि योक काढून घ्या, आणि मग ट्यूब अधिकृत ई-कचरा संकलकाकडे सोपवा.